शिट्टीतली भाषा

१९७२ सालची गोष्ट. सासूबाई साताऱ्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे वुल्व्हरहॅम्प्टनला आल्या होत्या. त्यांना इंग्रजीचा गंध नाही, नातवाला मराठी जेमतेम. दोघं एकमेकांकडे नुसते बघत बसायचे. एका संध्याकाळी टीव्हीवर 'क्लँगर्स' लागलं. चंद्रासारख्या छोट्याशा गोलावर राहणारे, लोकरीने विणलेले, लांब नाकाचे प्राणी! बोलायचे ते फक्त शिट्ट्यांत. पाच मिनिटांत सासूबाई म्हणाल्या, "अरे, आई रागावलीय बघ त्याच्यावर!" नातू खुदकन हसला.

या शिट्ट्यांमागचा माणूस म्हणजे ऑलिव्हर पोस्टगेट (१९२५-२००८). मजूर पक्षाचे नेते आणि हिंदी स्वराज्याचे पाठीराखे जॉर्ज लॅन्सबरी हे त्यांचे आजोबा. ऑलिव्हरही तसेच तत्त्वाचे पक्के. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जायला नकार दिला आणि त्यापायी तुरुंगवास भोगला.

१९५९ मध्ये चित्रकार पीटर फर्मिन यांच्या जोडीने त्यांनी 'स्मॉलफिल्म्स' काढली. स्टुडिओ कुठे, तर कँटरबरीजवळ फर्मिन यांच्या शेतावरच्या जुन्या गोठ्यात! फर्मिन चित्रं आणि बाहुल्या करायचे. कथा लिहिणं, एकेक चित्र हलवून कॅमेऱ्यात टिपणं आणि आवाज देणं हे पोस्टगेट यांचं काम. 'आयव्हर द इंजिन'मधल्या इंजिनाची फुसफुसही त्यांनी तोंडानेच काढली. क्लँगर्स विणले ते फर्मिन यांच्या पत्नी जोन यांनी. आमचा टीव्ही काळा-पांढरा, त्यामुळे ते गुलाबी असतात हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळलं!

गंमत म्हणजे क्लँगर्सचे संवाद आधी चक्क इंग्रजीत लिहिलेले असत. मग दांडी मागेपुढे सरकवायच्या शिट्टीवर त्या वाक्यांचे चढउतार वाजवायचे. पोस्टगेट एक किस्सा सांगत. निवेदनाशिवाय एक भाग परदेशी पाहुण्यांना दाखवला, तर जर्मन माणूस म्हणाला, हे अस्खलित जर्मन बोलतायत. स्वीडिश म्हणाला, छे, हे तर स्वीडिश! आमच्या सासूबाई तिथे असत्या तर साताऱ्याचं नाव पुढे आलं असतं.

पुढे १९७४ मध्ये 'बॅगपस' आलं. भाग अवघे १३, पण १९९९ च्या बीबीसीच्या कौलात मुलांच्या आवडत्या कार्यक्रमांत ते पहिलं ठरलं. आपल्या आजीसारखा, घाई नसलेला तो आवाज लोक विसरले नव्हते.

त्या संध्याकाळनंतर आजी आणि नातू शिट्ट्या वाजवून बोलायला लागले. हळूहळू शिट्ट्यांत शब्द आले, आणि ते शब्द मराठी होते. सासूबाई परत जायला निघाल्या तेव्हा विमानतळावर तो म्हणाला, "आजी, जाऊ नको ना!"

२०१५ मध्ये 'क्लँगर्स' नव्याने सुरू झालं. लेकाने आपल्या मुलीला ते दाखवलं आणि मला फोन केला, "आई, तू ये ना, हिच्याशी शिट्टीत बोल."

गेले. शिट्टी काही जमली नाही, पण आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. मराठी दुसऱ्या दिवशी सुरू केलं.