नाताळची करंजी आणि शेजारचा डबा

डिसेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा उजाडला की आपल्या व्हॉट्सॲप गटांवर एक प्रश्न हमखास फिरू लागतो. ख्रिस्ती शेजाऱ्याने किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्याने दिलेला नाताळचा केक खावा का? कुणीतरी एखाद्या मौलानांची क्लिप टाकतो, दुसरा त्याच्या उलट सांगणारी क्लिप टाकतो आणि केक तोवर डब्यातच राहतो.

पुणेकरांना तर हा प्रश्न अगदी ओळखीचा वाटायला हवा. गुरुवार पेठेत पंचहौदचे चर्च आहे. १८८५ मध्ये ते उभे राहिले. तिथल्या मिशनमध्ये ऑक्टोबर १८९० मध्ये शहरातल्या प्रतिष्ठितांना व्याख्यानासाठी बोलावले होते. पाहुण्यांमध्ये न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. व्याख्यान झाले आणि चहा-बिस्किटे पुढे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी कप नुसता हातात धरून बाजूला ठेवला. पुढे गोपाळराव जोशींनी (डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, खोडसाळपणात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते) हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेव्हा त्यांचेच सुधारक मित्र त्यांच्यावर चिडले. आणि हे सगळे एक कप चहासाठी.

त्या काळात ख्रिस्त्याघरचे खाणे म्हणजे जात बाटणे. त्यातून अहमदनगर, सोलापूरकडचे पुष्कळ मराठी ख्रिस्ती मूळचे महार-मांग समाजातले. त्यांच्या घरचा पदार्थ नाकारताना धर्माचे नाव पुढे केले, तरी आत बहुधा जातच असे. आज 'आमच्यात चालत नाही' असे आपण सहज म्हणून टाकतो, पण या वाक्याला पुण्यात असा इतिहास आहे.

खरे तर पुण्यात ख्रिस्ती माणूस इंग्रजांच्या आधी आला. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई आणि अधिकारी होते. त्यांच्यातले एक दोम मिगेल दे नोरोन्हा. या लोकांना प्रार्थनेसाठी सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये जागा दिली. क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च ते हेच. म्हणजे शनिवारवाड्यावरून कारभार चालत होता तेव्हाच या शहरात नाताळ साजरा होऊ लागला होता. 'नाताळ' हा शब्दही पोर्तुगीज 'नाताल'वरून आलेला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला जन्माचा शब्द आहे. अरब ख्रिस्ती या सणाला 'ईद अल-मिलाद' म्हणतात. मिलाद म्हणजेही जन्म. तो शब्द आपल्याला कुणी समजावून द्यायला नको.

आता ताटाकडे येऊ. नाताळ म्हटले की डोळ्यांपुढे प्लम केक येतो, पण मराठी ख्रिस्ती घरात डिसेंबरमध्ये कढई चढते ती करंज्या, चकल्या, शंकरपाळे, चिवडा आणि लाडवांसाठी. त्याला म्हणतातही 'नाताळचा फराळ'. गोव्यात करंजीला नेवरी म्हणतात. तीच नेवरी हिंदू घरात चतुर्थीला होते आणि ख्रिस्ती घरात नाताळला. सोबत कंगव्यावर किंवा काट्यावर वळून तळलेली कुलकुल आणि नारळाचे दूध, काळा गूळ व तांदळाचे पीठ तासन्तास ढवळून केलेले दोदोल. हे सगळे ताटात लावून शेजारीपाजारी पाठवायचे, हाच रिवाज.

ही नेवरी टिकली कशी, याचे मला आजही नवल वाटते. गोव्यातल्या इन्क्विझिशनने १७३६ मध्ये एक फर्मान काढले होते. नवख्रिस्ती घरांतल्या जुन्या चालीरीती त्यात एकेक करून मोडीत काढल्या होत्या. हिंदू करतात तसा बिनमिठाचा भात शिजवून मीठ नंतर घालायचे, एवढ्यावरही बंदी होती! घराघरातल्या भाताच्या पातेल्यापर्यंत सत्ता पोहोचली होती. तरी नेवरी राहिली. देव बदलला, प्रार्थनेची भाषा बदलली, पण आईने शिकवलेली मुरड बदलली नाही. आपल्याकडेही तेच झालेले आहे. कोकणातल्या मुसलमानाच्या घरी ईदेला तांदूळ आणि नारळ असतो, तो काही अरबस्तानातून आलेला नाही.

दोदोलचा प्रवास तर आणखी लांबचा. मलेशिया आणि इंडोनेशियात ते मुसलमानांच्या ईदेचे गोड आहे. श्रीलंकेत मुसलमान ते ईदेला करतात आणि सिंहली लोक नववर्षाला. मग दोदोल कुणाच्या धर्माचे म्हणायचे?

इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती ७ जानेवारीला नाताळ करतात. त्याआधी ४३ दिवस त्यांचा उपास, त्यात मांस, दूध, अंडे काही चालत नाही. उपास सुटला की ताटात येतो फत्ता : खाली भाजलेली रोटी, वर भात, रस्सा, लसूण-व्हिनेगरची फोडणी आणि मांस. इजिप्तमधल्या मुसलमानांच्या घरी बकरी ईदेला नेमका हाच पदार्थ असतो.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती लेबनॉनची मेघली. तांदळाचे पीठ, साखर, शहाजिरे, दालचिनी घालून शिजवलेली घट्ट खीर, वर अक्रोड-बदाम आणि खोबरे. घरात मूल जन्मले की भेटायला येणाऱ्यांना ती द्यायची, घर मुसलमानाचे असो वा ख्रिस्त्याचे. नाताळला ख्रिस्ती घरांत पुन्हा तीच खीर होते, कारण त्या दिवशीही एक मूल जन्मले आहे. नाताळ म्हणजे बाळंतिणीचा खाऊ, हे इतके साधेपणाने सांगणारा दुसरा पदार्थ मला माहीत नाही.

आणि बाळंतिणीच्या खाऊचा उल्लेख तर कुरआनातच आहे. सूरह मरियममध्ये हजरत मरियम (अ.) प्रसूतीच्या वेणांनी व्याकूळ होऊन खजुराच्या बुंध्याशी येतात. त्यांना सांगितले जाते की झाड हलव, ताजे खजूर पडतील, खा, पी आणि डोळे निववून घे. हजरत ईसा (अ.) यांच्या जन्मवेळचा हा पदार्थ आपल्या किताबात आहे. आपल्या घरी बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करताना खारीक कुटतात, तेही खजूरच. आणि शिरखुर्मा? शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर.

आता मूळ प्रश्न. अहले-किताबांचे अन्न मुसलमानांना हलाल असल्याचे सूरह माइदामध्ये स्पष्ट आहे. उलेमांची चर्चा मुख्यतः जबिह्याभोवती, म्हणजे मांसाभोवती फिरते. केकमध्ये जबिहा नाही. दुसऱ्यांच्या सणात सामील होण्याविरुद्ध लिहिणाऱ्यांत दमास्कसचे इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांचे नाव नेहमी पुढे केले जाते. त्यांनी कडक लिहिले, हे खरेच. पण इतिहासाचा वाचक म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एवढे बजावून लिहावे लागले, याचा अर्थ दमास्कसचे सामान्य मुसलमान शेजाऱ्यांच्या सणात बऱ्यापैकी रमत असणार.

रमची शंका मात्र रास्त आहे. इंग्रजी पद्धतीच्या केकसाठी सुकामेवा रम किंवा ब्रँडीत भिजवतात. त्यावर उपाय सोपा आहे : विचारावे. पुष्कळ घरांत तो संत्र्याच्या रसात भिजवतात, आणि मुसलमान शेजारी असला की ख्रिस्ती बाई स्वतःहूनच सांगते. तिला तेवढी जाण असते. सोरपोटेल डुकराचे असते, ते ती आपल्याकडे कधी पाठवत नाही.

शिरखुर्म्याचा डबा तसाच परत आल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. 'उपास आहे', 'डॉक्टरांनी गोड बंद केलंय'. कारण ऐकताच खरे काय ते कळते आणि आपण काही न बोलता जिना उतरतो. केकचा डबा दारात येतो, तेव्हा मला तो जिना आठवतो.

कँपात डिसेंबरच्या अखेरीला चक्कर मारून पाहा. ईस्ट स्ट्रीटवर १९५५ पासून सुरू असलेली कयानी बेकरी झोराष्ट्रियन इराण्यांची. श्रूजबेरी हे तिच्या प्रसिद्ध बिस्किटाचे नाव इंग्लंडातल्या एका गावाचे. समोरच्या गर्दीत टोपीवाले, बुरखेवाल्या, गळ्यात क्रॉस घातलेल्या पोरी आणि सदाशिव पेठेतून स्कूटरवर आलेले आजोबा. आजोबांच्या पिशवीत मावा केक असतो. ग्रामण्याची धास्ती त्यांना नाही, माल संपायच्या आत आपला नंबर लागेल का, एवढीच आहे.