दोन मांडवी

गोकुळाष्टमीला बडोद्यात, पाणीगेटच्या आजोळी गेलो की पत्त्यांचा डाव ठरलेलाच. सातम-आठमचे पत्ते हा गुजरातचा शिरस्ता, आमच्या मराठी घरानेही तो उचलला. पाणीगेट हा जुन्या शहराचा पूर्वेचा दरवाजा. तिथून सरळ गेलं की मांडवी, चार दरवाजांच्या मधली इमारत.

यंदा तीनपत्तीऐवजी मी पोकर मांडला. पैशांच्या जागी गोव्याहून नेलेल्या काजूच्या बिया. कारण गंमत बघा, गुजरातेत अजून १८८७ चा मुंबईचा जुगारबंदी कायदा चालतो, आणि २०१७ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने पोकर हा कौशल्याचा खेळ मानला नाही. आपल्याकडे १९७६ चा कायदा, पण १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि १९९६ मध्ये जहाजांवरच्या टेबलांना त्यात वाट मिळाली.

मी चाळीस बिया हरलो. मामी हसली नाही. तिचा धाकटा भाऊ गोव्याला फिरायला आला आणि बोटीवर बहिणीच्या लग्नाचे पैसे घालवून बसला होता. बिया डब्यात भरत ती एवढंच म्हणाली, "आमच्या मांडवीत कुणी बुडत नाही रे."

आपल्या मांडवीबद्दल मी काय बोलणार?