गाडी कोणी धुवायची? खराऱ्यापासून दोन बादल्यांपर्यंत

आजच्या विषयाची पाटी वाचून काही जणांना हसू आलं असेल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस गाडी धुण्यावर काय बोलणार? पण रोजच्या कामांचा इतिहास पाहायचा असं आपण ठरवलं आहे, आणि हे काम तर रोज पहाटे आपल्या प्रत्येकाच्या जिन्याखाली चाललेलं असतं. त्याच्याकडे आपण पाहत नाही, एवढंच.

या इतिहासाला तीन धागे आहेत. एक हाताचा, म्हणजे फडकं कोणाच्या हातात होतं. दुसरा रंगाचा, म्हणजे पत्र्यावर कोणता लेप होता आणि त्याला काय सोसत होतं. तिसरा पाण्याचा. हे तिन्ही धागे एकमेकांत गुंतलेले आहेत.

सुरुवात मोटारीच्या आधीपासून करू, म्हणजे घोड्यापासून. आपल्या भाषेत घोड्याच्या अंगाची निगा राखण्याला नेमका शब्द आहे, 'खरारा'. खरारा करणारा तो मोतद्दार. आता शिवकाळातलं घोडदळ आठवा. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. सभासदाच्या बखरीत पागेची जी रचना सांगितली आहे, तिच्यात पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. म्हणजे पाण्याची आणि नालांची सोय ही लष्कराच्या रचनेतच बसवलेली होती, ती कोणाच्या हौसेवर सोडलेली नव्हती. यातून एक गोष्ट लक्षात घ्यायची. खरारा करणाऱ्याचा हात घोड्याच्या सगळ्या अंगावरून फिरतो. कुठे सूज आहे, कुठे खोगीर घासलंय, हे त्याला आधी कळतं. साफ करणं आणि तपासणं ही तिथे दोन कामं नव्हतीच.

युरोपातल्या घोडागाड्यांचीही गोष्ट अशीच. तिथला गाडीवान घोड्याबरोबर गाडीही धुवायचा. त्या गाड्यांना तेलाचा रंग आणि वर व्हार्निश असे. ब्रशाने थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा द्यायचा. एक गाडी रंगवायला आठवडेच्या आठवडे लागत. त्यामुळे त्या लोकांनी काही नियम बांधले होते. उन्हात धुवायचं नाही. वरून खाली धुवायचं. चिखल आधी पाण्याने सुटू द्यायचा, मग हात लावायचा. पाणी पत्र्यावर वाळू द्यायचं नाही, मऊ चामड्याने टिपून घ्यायचं. आजच्या महागड्या डिटेलिंगच्या दुकानात तुम्ही गेलात तर तिथेही हेच चार नियम सांगतात. ते घोडागाडीच्या तबेल्यातून आले आहेत.

पहिल्या मोटारी श्रीमंतांच्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर नोकरही आला. 'शोफर' या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थच भट्टी तापवणारा, इंजिनात कोळसा घालणारा. गाडी चालवणारा, दुरुस्त करणारा आणि धुणारा हा एकच माणूस होता. मालक मागे बसायचा.

मालकाच्या हातात फडकं आलं ते फोर्डमुळे. मॉडेल टी १९०८ साली आली आणि १९२७ पर्यंत निघत राहिली. १९१३ मध्ये फिरत्या पट्ट्यावर जोडणी सुरू झाली आणि गाडी शिक्षक, शेतकरी, कारागीर यांच्या आवाक्यात आली. या मंडळींकडे शोफर कुठून असणार? मधली बरीच वर्षं ही गाडी फक्त काळ्या रंगात मिळायची. उत्पादनाचा वेग एवढा वाढला, की अनेक रंग ठेवणं आणि ते सावकाश वाळवत बसणं कारखान्याला परवडेना. मग ड्यूपाँ कंपनीने ड्यूको नावाचा नायट्रोसेल्युलोज लॅकर आणला, आणि जनरल मोटर्सने १९२४ च्या ओकलंड गाड्यांना तो निळ्या रंगात दिला. आठवड्यांचं काम तासांवर आलं. रस्त्यावर रंग आले.

पण या लॅकरचा एक स्वभाव होता. ऊन-पावसाने तो मंद पडायचा, त्याच्यावर पांढुरकी साय धरायची. तो घासून पुन्हा उजळावा लागायचा आणि वर मेण चोळावं लागायचं. म्हणजे नव्या रंगाने कारखान्याचा वेळ वाचवला आणि मालकाचा रविवार घेतला! मेणाच्या डब्यांचा मोठा धंदा अमेरिकेत उभा राहिला तो या काळात. यातलं नावाजलेलं मेण कार्नौबा. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर ते धरतं. कोरड्या हंगामात पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड ते तयार करतं. पान आतलं पाणी राखायला जे मेण वापरतं, तेच आपण बाहेरचं पाणी घसरून जावं म्हणून बॉनेटवर चोळतो.

आता भारतात येऊ. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघू लागली, पुढे तिचीच प्रीमियर पद्मिनी झाली. तिकडे हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर होती, ती २०१४ पर्यंत निघाली. परवान्यांचा काळ. गाडी नोंदवायची आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. मिळाली की ती वीस-वीस वर्षं वापरायची, मुलाच्या लग्नात सजवायची. एवढी दुर्मीळ वस्तू, म्हणजे घरचा माणूसच तिची निगा राखत असेल असं वाटेल. पण तसं सरसकट झालं नाही. मालकी मध्यमवर्गाकडे आली, फडकं मात्र दुसऱ्याच्याच हातात राहिलं. इमारतीचा रखवालदार किंवा पहाटे सायकलवरून येणारा मुलगा. पाचच्या सुमाराला एक बादली भरायची आणि त्याच पाण्यात ओळीने गाड्या पुसत जायचं.

असं का झालं? मजुरी स्वस्त होती हे एक उत्तर आहे, आणि ते खरंही आहे. पण पुरेसं नाही. घाण साफ करणारा हात खालचा, ही समजूत आपल्याकडे जातीने इतकी मुरवली आहे, की परवडतं म्हणूनच आपण माणूस ठेवतो असं म्हणणं ही पळवाट होईल. गांधीजींनी १९०४ साली जोहान्सबर्ग ते डर्बन या प्रवासात रस्किनचं 'अन टू धिस लास्ट' वाचलं आणि त्याच वर्षी फिनिक्सची वसाहत सुरू केली. शरीरश्रम हे पुढे त्यांच्या एकादश व्रतांपैकी एक झालं. आपल्या गाडगेबाबांनी तर ग्रंथाचाही आधार घेतला नाही. गावात शिरायचं, खराटा घ्यायचा, झाडायला लागायचं. कीर्तन नंतर.

हाना आरेंट या तत्त्वज्ञ बाईंनी १९५८ च्या 'द ह्यूमन कंडिशन'मध्ये श्रम आणि निर्मिती यांत फरक केला. सुताराने टेबल केलं की ते मागे उरतं. झाडणं, धुणं, रांधणं यांतून मागे काही उरत नाही, उद्या पुन्हा करावं लागतं. म्हणून अशा कामाला समाज मोल देत नाही. आम्हाला त्यांचं हे निरीक्षण पटतं, पण एक जोड द्यावीशी वाटते. धुण्यातून वस्तू उरत नसेल, ओळख उरते. मोतद्दाराला घोड्याची सूज कळते, तसं गाडी धुणाऱ्याला टायरचा फुगवटा, मडगार्डखालचा गंज, इंजिनाखालचा तेलाचा ठिपका आधी दिसतो. मालकाला ते दिसत नाही, कारण तो किल्ली फिरवून निघून जातो.

आणि आपल्या परंपरेत हे माहीत होतं. पोळ्याला शेतकरी आपला बैल नदीवर स्वतः नेतो, अंग चोळून धुतो, आदल्या दिवशी खांदमळणी करतो. त्या दिवशी गडी असला तरी धन्याचा हात बैलाला लागतो. खंडेनवमीला, दसऱ्याला कारागीर आपली हत्यारं स्वतः पुसतो. दसऱ्याला आपण गाडीलाही झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू लावतो. पण माळ घालायच्या आधी गाडी कोण धुतं? पूजा आपली आणि धुणं दुसऱ्याचं, अशी ही वाटणी झाली आहे.

आता रंगाच्या धाग्याकडे परत येऊ, कारण तिथे या वाटणीचा हिशेब दिसतो. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, नव्वदीनंतर नव्या कंपन्या आल्या, आणि गाडीचा रंगही बदलला. आता रंगाच्या थरावर एक पारदर्शक थर असतो. चकाकी त्या थराची. त्याची जाडी साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, आणि ते या थराहून कठीण असतात. कोरड्या फडक्याने धूळ झटकली, किंवा पाचव्या गाडीचं गढूळ पाणी सहाव्या गाडीवर फिरवलं, की ते कण कानशीसारखं काम करतात. सकाळच्या उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात ना, ते असे पडतात. त्यासाठी त्या मुलाला दोष देऊ नका. एका बादलीत, एका फडक्यात आणि मिळतात त्या पैशांत इतक्या गाड्या म्हटल्यावर दुसरं काय होणार? त्या ओरखड्यांत आपण ठरवलेला दर लिहिलेला आहे.

मग नीट धुवायचं कसं? गाडी सावलीत, पत्रा गार झालेला. आधी नुसत्या पाण्याने धूळ-चिखल सोडवायचा. मग दोन बादल्या, एकीत गाडीच्या शांपूचं पाणी, दुसरीत साधं. मऊ मोजा किंवा फडकं शांपूत बुडवायचं, टपापासून खाली यायचं, आणि दर वेळी आधी साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शांपूत घालायचं. चाकांचं फडकं वेगळं. भांड्यांचा साबण नको, तो मेणाचा थर उतरवतो. शेवटी मायक्रोफायबरच्या स्वच्छ कापडाने टिपून घ्यायचं. बोअरचं पाणी असेल तर जास्तच घाई करायची, कारण त्यातले क्षार वाळून पांढरे डाग धरतात. पक्ष्यांची विष्ठा दिसली की त्याच दिवशी ओल्या कापडाने मऊ करून काढायची, ती रंग खाते. आणि एक गल्लत टाळा. पॉलिश म्हणजे घासून थोडा थर काढणं, मेण म्हणजे वर थर देणं. पहिलं क्वचित करायचं, दुसरं दोन-तीन महिन्यांनी केलं तरी चालतं.

राहिला पाण्याचा धागा. बागेच्या नळीतून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज जातं. पंधरा मिनिटं नळी चालू ठेवली तर दीडशे लिटरांच्या वर हिशेब जातो. दोन बादल्या आणि एक झारी यांत तेच काम चाळीस-पन्नास लिटरांत होतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं, हे आपण पाहिलं आहे. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाडी धुतल्यास पाच हजार रुपये दंड ठरला. जर्मनीत तर अनेक गावांत घरासमोर गाडी धुवायलाच मनाई आहे, कारण साबण, तेल आणि ब्रेकची धूळ जमिनीतल्या पाण्यात उतरते. आपल्याकडे ते पाणी पावसाळी गटारातून नदीत जातं. तेव्हा मातीवर, झाडाच्या कडेला शांपूचं पाणी ओतून मोकळं होणं हाही काही उपाय नव्हे. ते घाण पाणी मैलापाण्याच्या वाहिनीत जाईल अशी जागा पाहायची.

आता तुमच्यातला कोणीतरी विचारेल, की सगळ्यांनी आपली गाडी आपण धुतली तर त्या पहाटेच्या मुलाचं काय? प्रश्न रास्त आहे. 'स्वावलंबन' हा सुंदर शब्द उच्चारून कोणाची रोजी काढून घेणं याला आम्ही नीती म्हणणार नाही. त्याला काढू नका. पण महिन्यातून एक-दोनदा गाडी स्वतः धुवा, वरपासून खालपर्यंत, तासभर. कंबर दुखेल, चाकाच्या आतल्या बाजूला बोटं काळी होतील, आणि या कामाला किती वेळ, किती पाणी, किती फडकी लागतात हे अंगाला कळेल. त्यानंतर त्याला दोन बादल्या द्या, धुतलेली फडकी द्या, रोजच्या कोरड्या पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा नीट धुवायला सांगा, आणि दर नव्याने ठरवा. आमचा अनुभव असा, की ज्याने स्वतः एकदा गाडी धुतली आहे तो त्या दरात घासाघीस करत नाही.

आणि त्याला विचारा, गाडीत काय दिसतंय. मागच्या डाव्या टायरची हवा रोज थोडी थोडी उतरते, हे त्याला बहुधा महिन्यापूर्वीच कळलेलं असेल. त्याला कोणी विचारलेलं नसतं.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.