महाडची गाडी वीरला का थांबते?

महाडला रेल्वेने जायचं तर तिकीट वीरचं काढावं लागतं. पोलादपूरला जायचं असेल तरी वीरचंच, नाहीतर खेडला उतरून कशेडीतून उलटं मागे यायचं. महाड हे तालुक्याचं गाव. रायगडाच्या पायथ्याची बाजारपेठ, चवदार तळ्याचं शहर, शिवाय एमआयडीसी. कोकण रेल्वेची वीर, सापे-वामणे, करंजाडी आणि विन्हेरे अशी चार स्टेशनं महाड तालुक्यात आहेत, पण खुद्द महाड शहरात एकही नाही. पोलादपूर तालुक्याच्या वाट्याला तर रूळच आले नाहीत.

याचं गावोगावी मिळणारं उत्तर तुम्हाला माहीत असेल: पुढाऱ्यांनी लाइन पळवली. संशोधनाला सुरुवात करताना अशा उत्तराचं काय करायचं, हा प्रश्न तुमच्यासमोर कधी ना कधी येणारच. ते खोडून काढायची घाई करू नका आणि लगेच उचलूनही धरू नका. आधी नकाशा उघडा, शक्यतो उंचीच्या रेषा असलेला. मी मूळची भूगर्भशास्त्राची, त्यामुळे माझा हात आधी टोपोशीटकडे जातो आणि कागदपत्रांकडे नंतर. हा क्रम सगळ्यांनी पाळावा असं नाही. या लाइनच्या बाबतीत मात्र तो उपयोगी पडला.

रोह्याहून निघालेली लाइन कोलाड, इंदापूर, माणगाव, गोरेगाव रोड करत वीरला येते. इथपर्यंत ती मुंबई–गोवा महामार्गाच्या साधारण सोबतीने चालते. वीरनंतर दोघांची फारकत होते. महामार्ग दासगाववरून महाडला जातो, मग पोलादपूर, मग कशेडी घाट चढून खेडमध्ये उतरतो. रेल्वे महाडच्या खालच्या अंगाला, खाडीकडे सावित्री ओलांडते, करंजाडी–विन्हेऱ्याच्या खोऱ्यात शिरते आणि नातूवाडीच्या बोगद्यातून डोंगरापलीकडे खेडच्या बाजूला निघते. हा बोगदा चार किलोमीटरहून लांब आहे. संपूर्ण कोकण रेल्वेवर यापेक्षा लांब एकच, रत्नागिरीजवळचा करबुड्याचा, साडेसहा किलोमीटरचा.

आता प्रश्न असा की सरळ रस्ता सोडून रेल्वेने एवढा मोठा बोगदा का पत्करला? त्याचं उत्तर एका आकड्यात आहे: १५० मध्ये १.

या लाइनचा चढ १५० मीटर अंतराला १ मीटर यापेक्षा तीव्र ठेवायचा नाही, आणि वळणाची त्रिज्या १,२५० मीटरपेक्षा कमी करायची नाही, असं ठरलं होतं. मार्गाची आखणी ताशी १६० किलोमीटर वेग डोळ्यासमोर ठेवून झाली. आता गणित करून बघा. समजा २०० मीटर उंची चढायची आहे. १५० मध्ये १ या चढाने त्यासाठी ३० किलोमीटर लांबी लागेल. घाटरस्ता २० मध्ये १ ने चढला तर तेच काम ४ किलोमीटरमध्ये होतं. बोरघाटात इंग्रजांनी ३७ मध्ये १ चा चढ स्वीकारला, त्याची किंमत म्हणून आजही गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. कोकण रेल्वेला ते नको होतं. पोलादपूर हे सह्याद्रीच्या अगदी कुशीतलं गाव. एका बाजूला महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट, दुसऱ्या बाजूला कशेडी. तिथवर नेलेली लाइन पुढे न्यायची कशी, याला १५० मध्ये १ च्या चौकटीत सोपं उत्तर नाही. पोलादपूर गळालं की महाडला जाण्याचं कारणही अर्धं संपतं, कारण मग लाइनला महाडपर्यंत पूर्वेला जाऊन पुन्हा पश्चिमेला यावं लागलं असतं.

यात पुढाऱ्यांचा संबंधच नव्हता असं मी म्हणत नाही. कोकणात रेल्वे आली ती राजकारणामुळेच. अ. ब. वालावलकर यांनी १९५० च्या दशकात पायी फिरून मार्गाची पाहणी केली आणि ही मागणी लावून धरली. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै संसदेत तिच्यासाठी बोलत राहिले, त्यांच्यानंतर मधु दंडवते. तरी गाडी पुढे सरकायला किती वेळ लागला पाहा: दिव्याहून पनवेल १९६० च्या दशकात झालं, आणि रोहा गाठायला १९८६ उजाडलं. मग डिसेंबर १९८९ मध्ये व्ही. पी. सिंग यांचं सरकार आलं आणि तीन माणसं एकाच वेळी मोक्याच्या जागी आली. मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री आणि कर्नाटकचे रामकृष्ण हेगडे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. ते सरकार वर्षभरही टिकलं नाही. पण जुलै १९९० मध्ये ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि १५ सप्टेंबर १९९० ला रोह्याला पायाभरणीही झाली. पैसा केंद्र, चार राज्यं आणि रोख्यांमधून उभा राहिला. लाइन होणार की नाही, हे राजकारणाने ठरवलं. ती कुठून जाणार, यातला बराच भाग चढ आणि वळणाच्या आकड्यांनी ठरवला. आपल्या वाचनात या दोन गोष्टी नेहमी एकत्र गुंडाळल्या जातात. त्या सोडवून वेगळ्या करणं हेच तुमच्या पहिल्या प्रकरणाचं काम असू शकतं.

तुलनेसाठी एक लांबचं उदाहरण. स्वीडनमध्ये १९ व्या शतकात मुख्य लाइनी आखल्या गेल्या तेव्हा नील्स एरिक्सन या अभियंत्याचं धोरण समुद्रकिनारा आणि जुनी शहरं टाळण्याचं होतं. एक कारण लष्करी, शत्रूच्या जहाजांपासून रूळ दूर ठेवण्याचं. दुसरं, आतल्या ओसाड मुलखात वस्ती वाढावी हे. उत्तरेकडच्या लाइनने पुढे तोच कित्ता गिरवला, आणि किनाऱ्यावरची शहरं बाजूला पडली. उमेओ हे त्यातलं एक. पण उमेओला १८९६ मध्ये वेन्नेस जंक्शनवरून फाटा मिळाला, आणि २०१० मध्ये थेट किनाऱ्याची नवी लाइन. महाडला फाटा म्हणून मिळाली ती एसटी आणि रिक्षा. उलट गोव्यात लोक याच रेल्वेच्या विरोधात रस्त्यावर उतरले, कारण लाइन त्यांच्या गावांतून आणि खाजणांतून जात होती. १९९३ मध्ये तिथलं काम काही काळ थांबवून न्यायमूर्ती ओझा यांच्याकडे चौकशी सोपवावी लागली. एकाच लाइनवर एका ठिकाणी ती जवळून जाते म्हणून तक्रार, दुसरीकडे लांबून जाते म्हणून. या दोन्ही तक्रारी शेजारी ठेवून कुणी नीट लिहिलं तर चांगला प्रबंध होईल, विषय हवा असेल तर घ्या.

रेल्वे लांबून जाणं ही महाडला नवी गोष्ट नव्हती, हेही लक्षात घ्यायला हवं. या शहराचा मूळ रस्ता पाण्याचा. सावित्रीला समुद्राची भरती आतपर्यंत येते, बाणकोटच्या खाडीतून गलबतं वर यायची, आणि घाटावरचा माल वरंध्यासारख्या वाटांनी खाली उतरायचा. मुंबईच्या आगबोटी दासगाव बंदराला लागत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी, म्हणजे मनुस्मृती दहनाच्या वेळी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरले. धरमतरवरून मोटारीने येणं जवळचं होतं. पण मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला तर अडकून पडायला होईल. दासगावहून महाड पाचच मैल, तेवढं चालत जाता येतं. असा विचार करून लांबचा मार्ग निवडला गेला. वाहतुकीच्या इतिहासात मला याहून बोलकी नोंद आढळलेली नाही. कोणता रस्ता कुणासाठी किती ‘लांब’ आहे, हे फक्त मैलांवर ठरत नाही. (जुनी कागदपत्रं शोधताना एक लक्षात ठेवा: १९८१ च्या आधी या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. ‘रायगड’ टाकून शोधाल तर १८८३ चं गॅझेटियर काही सापडायचं नाही.)

रेल्वेचा उत्तरेकडचा पहिला टप्पा, रोहा ते वीर, ४७ किलोमीटर, जून १९९३ मध्ये सुरू झाला. पुढे खेडपर्यंत गाडी जायला मार्च १९९५ उजाडलं. म्हणजे जवळजवळ पावणेदोन वर्षं या बाजूने कोकण रेल्वे वीरलाच संपत होती. संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये पुरा झाला, १ मे १९९८ ला पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींनी तो राष्ट्राला अर्पण केला, आणि वीर पुन्हा वाटेवरचं एक छोटं स्टेशन झालं. दिवा–सावंतवाडीसारख्या पॅसेंजरने उतरायचं आणि बाहेर उभ्या असलेल्या वाहनाने महाड गाठायचं, हा आजचा शिरस्ता.

इथे गोष्ट संपली असती तर ती एका गैरसोयीची गोष्ट झाली असती. पण लाइन महाडच्या खालच्या अंगाने सावित्री ओलांडते, असं मी वर म्हटलं ते पुन्हा वाचा. दासगावजवळ नदीच्या सखल पूरक्षेत्रात रेल्वेचा मातीचा भराव आहे. पुराचं पाणी महाडकडून खाडीकडे जातं ते याच भागातून. २२ जुलै २०२१ ला महाड बुडालं, त्याच संध्याकाळी तालुक्यातलं तळीये गाव दरडीखाली गेलं आणि ऐंशीहून जास्त माणसं मेली. त्या पुरानंतर महाडकरांनी एक मागणी लावून धरली: दासगावचा भराव काढा, पाण्याला वाट द्या. म्हणजे ज्या रेल्वेने शहराला स्टेशन दिलं नाही, तिनेच पाणी अडवलं, असा लोकांचा आरोप आहे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने याकडे कसं बघायचं? तत्त्व सोपं आहे. वाहत्या पाण्याची रुंदी कमी केली की अडथळ्याच्या वरच्या बाजूला पातळी चढते, आणि ती चढलेली पातळी मागे काही अंतरापर्यंत पसरते. नदीचा उतार जितका कमी तितकं हे अंतर जास्त. महाड ते दासगाव हा पट्टा भरतीच्या टप्प्यातला, म्हणजे उतार अगदी थोडा. त्यामुळे आरोपात भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अशक्य असं काही नाही. पण ‘शक्य आहे’ आणि ‘एवढं झालं’ यांत फरक आहे. त्या वेळी महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. एवढा पाऊस एका चौरस किलोमीटरवर पडला तर सुमारे ५९ कोटी लिटर पाणी होतं. हे सगळं सावित्रीत येत नाही, महाबळेश्वरचं पठार कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री यांनाही पाणी देतं. पण पश्चिमेच्या कड्यावरून जे उतरतं ते फार थोड्या अंतरात समुद्रसपाटीला येतं आणि महाडशी त्याचा वेग मंदावतो. त्यात भरतीची वेळ, पात्रात साचलेला गाळ आणि बेटं, गांधारीचं पाणी. भरावाचा वाटा यातून वेगळा काढायचा तर भरावाआधीचे आणि नंतरचे नदीचे छेद हवेत, पुराच्या पातळीच्या वेळेनुसार नोंदी हव्यात, आणि त्याच तासांचं भरती-ओहोटीचं कोष्टक हवं. मग भराव असताना आणि नसताना, असं प्रतिमान दोनदा चालवायचं. फरक दहा सेंटिमीटरचा आला तर एक उत्तर, एक मीटरचा आला तर वेगळं. लोकांच्या घरातल्या भिंतींवर पाण्याच्या रेषा अजून आहेत. त्या मोजायला फक्त लेव्हल आणि धीर लागतो, आणि मला विचाराल तर कुठल्याही सॉफ्टवेअरआधी त्या मोजाव्यात.

डोंगरानेही आपला हिशेब मांडलेला आहेच. जून २००४ मध्ये करंजाडीजवळ रुळावर आलेल्या दगडांमुळे मत्स्यगंधा एक्सप्रेस पुलावरून घसरली आणि डझनाहून जास्त प्रवासी दगावले. जुलै २०२४ मध्ये विन्हेरे आणि दिवाणखवटीच्या दरम्यान, बोगद्याच्या तोंडाशी दरड आली आणि मार्ग दिवसभर बंद राहिला. चढ टाळण्यासाठी डोंगर कापला की कापलेली बाजू पावसाळ्यात आपलं म्हणणं मांडते. महामार्गाचंही तेच: महाडजवळचा १९२८ चा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीने नेला, दोन एसटी गाड्यांसकट.

रोहा ते वीर ही लाइन ऑगस्ट २०२१ मध्ये, महाडच्या पुरानंतरच्याच महिन्यात, दुहेरी झाली. २०२२ मध्ये संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरणही पुरं झालं. वीरच्या पुढे मात्र अजून एकेरी रूळ आहेत. ते दुहेरी करायचे झाले तर सावित्रीवर दुसरा पूल लागेल, आणि दासगावजवळ पुन्हा एकदा भराव की खांबांवरचा पूल, हे कुणाला तरी ठरवावं लागेल. त्या बैठकीत टेबलावर नदीचे जुने-नवे छेद आणि भिंतींवरच्या रेषांची मापं असतील का, हे ज्यांनी ती मोजायची त्यांच्यावर आहे. सध्या वीरला उतरून दासगावपर्यंत चालत जाता येतं. पावसाळ्याच्या आधी जा, भरतीची वेळ बघून जा.