पायातली उघाडी

आज आपण पायांच्या शिरांबद्दल बोलणार आहोत.

गटाच्या बैठकीत आपण बचतीवर, कर्जाच्या हप्त्यांवर तास तास बोलतो. पाय दुखतात हे मात्र उठता उठता, गुडघ्यावर हात टेकून एकमेकींना सांगतो. पोटरीवर निळ्या, वेड्यावाकड्या नसा फुगलेल्या असतात, त्या साडीखाली झाकतो आणि ‘आता वय झालं’ म्हणून सोडून देतो. पण या नसांचं काम काय, हे कळायला माणसाला फार काळ लागला. ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

आपलं पनवेल आयुर्वेदिक औषधांसाठी जुनं प्रसिद्ध गाव. धूतपापेश्वरची सुरुवात इथे 1872 मध्ये झाली. आयुर्वेदाचा एक प्राचीन ग्रंथ म्हणजे सुश्रुतसंहिता. तिच्यात शरीरात 700 शिरा सांगितल्या आहेत. पाटाच्या पाण्यावर जशी बाग पोसते, तसं शिरांमुळे शरीर पोसतं, असा दाखलाही दिला आहे. दूषित रक्त काढायला जळवा लावत. त्यांचे 12 प्रकार सांगितलेत, सहा विषारी आणि सहा बिनविषारी.

पाटाचा दाखला आपल्याला लगेच पटतो. पण पाटाचं पाणी पुढे जातं ते परत येत नाही. रक्त मात्र परत येतं. इटलीतल्या पादुआ गावी फॅब्रिसियस नावाचे शिक्षक होते. त्यांनी 1603 मध्ये शिरांच्या आतल्या बारीक झडपांचं वर्णन छापलं, पण त्यांचा खरा उपयोग त्यांना उमगला नाही. तो उलगडला त्यांचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने. त्याने दंडाला पट्टी आवळली, हातावरच्या शिरा फुगल्या. मग एका शिरेवर बोट दाबून रक्त सरकवून पाहिलं. हृदयाकडे ते सहज गेलं, उलट काही जाईना. शिरा रक्त हृदयाकडे परत नेतात, हे त्याने 1628 च्या पुस्तकात मांडलं.

खाडीकाठच्या मैत्रिणींना ही झडप वेगळी समजावून सांगायला नको. खारबांधाला उघाडी असते. ओहोटीला ती शेतातलं पाणी खाडीत सोडते आणि भरती आली की मिटते, खारं पाणी आत येऊ देत नाही. पायाच्या शिरेत अशाच लहान लहान उघाड्या आहेत. आपण चालतो तेव्हा पोटरी शिरेला दाबते आणि रक्त वर चढतं. पोटरी सैल पडली की उघाडी मिटते, म्हणून ते खाली घसरत नाही.

उघाडी नादुरुस्त झाली की शेताचं काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. पायातही तसंच होतं. रक्त खाली साचतं, शीर ताणते, फुगते. डॉक्टर त्याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. काहींच्या घराण्यातच हा त्रास असतो. गरोदरपणात, वजन वाढल्यावर आणि तासन्‌तास एका जागी उभं राहून तो वाढतो. संध्याकाळी पाय जड होतात, सुजतात. पुढे घोट्याजवळची कातडी काळी पडते, खाजते आणि एखादी जखम महिनोन्‌महिने भरत नाही. अशा जखमेवर हळद दाबत बसू नये, डॉक्टरांना दाखवावं. फुगलेल्या शिरेतून रक्त वाहू लागलं, तर आडवं व्हावं, पाय उंच धरावा आणि स्वच्छ फडक्याने दाबून ठेवावं.

दुसरा आजार जास्त धोक्याचा. आतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होते. बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर बराच काळ पडून राहिल्यावर हा धोका वाढतो. एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, दुखू लागला, तर त्याला तेल लावून चोळू नका. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागला किंवा छातीत दुखलं, तर 108 ला फोन करा. बाळंतिणीलाही डॉक्टरांनी परवानगी दिली की घरातल्या घरात थोडं चालू द्या.

या इतिहासाचा एक भाग बायकांनीही घडवलाय. उभ्याने काम करणाऱ्यांना मधूनमधून टेकता यावं म्हणून बसायची सोय हवी, असं 1948 च्या कारखाना कायद्यात लिहिलं गेलं. तरी दुकानांत बायका दिवसभर उभ्याच होत्या. केरळात कोझिकोडच्या दुकानांत काम करणाऱ्या बायका त्यासाठी एकत्र आल्या. 2018 मध्ये तिथला दुकान कायदा बदलला आणि बसायचा हक्क मिळाला. 2021 मध्ये तामिळनाडूनेही तसाच कायदा केला. मागणी एका साध्या स्टुलाची होती, पण ती मिळवायला संघटना लागली.

आपल्या ओट्याला आणि भाताच्या खाचराला असा कायदा लागू नाही. तिथला नियम आपणच करायचा. लावणीच्या दिवसांत मधूनमधून बांधावर यायचं, टाचा वर-खाली करायच्या, थोडं चालायचं. भाजी बसून चिरायची. रात्री पायाखाली उशी घ्यायची. घट्ट मोजे मात्र डॉक्टरांना विचारूनच वापरायचे.

पुढच्या बैठकीत हप्त्यांची वही मिटली की एकमेकींचे पाय बघू. जिच्या घोट्याजवळ न भरणारी जखम असेल, तिच्यासोबत आपल्यातल्या दोघी आरोग्य केंद्रात जातील. एकटी गेली तर ती अर्ध्या वाटेतून परत येते, हे आपल्याला ठाऊक आहे.