पाहुणा, भाडेकरू आणि दारावरचा प्रश्न

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना आपण निसर्गवर्णन, विनोद, आत्मनिष्ठा, संस्कृतींची तुलना अशा मथळ्यांखाली टिपणे काढून देतो. प्रवासी रात्री कुठे झोपला आणि त्यासाठी त्याने काय मोजले, हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत येत नाही. परदेशी शिकायला निघालेला विद्यार्थी निरोप घ्यायला येतो तेव्हा मात्र त्याच्या मनात तोच सर्वांत आधी असतो : स्वस्तात राहायची सोय कुठे होईल? हा प्रश्न किरकोळ, निव्वळ व्यवहारातला, अशी आपली समजूत असते. परंतु एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत हिंदुस्थानातून परदेशी गेलेल्यांची चरित्रे-आत्मचरित्रे या एकाच प्रश्नाच्या अंगाने वाचली, तर ती समजूत टिकत नाही, असे आम्हांस वाटते.

आरंभ गांधीजींपासून करू. १८८८ साली ते लंडनला पोहोचले आणि व्हिक्टोरिया हॉटेलात उतरले. तिथले तीन पौंडांचे बिल पाहून त्यांना धक्का बसला, हे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. पुढे ते एका इंग्रज कुटुंबात पैसे देऊन राहू लागले. हिशेब लिहिण्याची सवय असल्यामुळे काही काळाने त्यांच्या ध्यानात आले, की या घरोब्याचा खर्च आठवड्याच्या बिलापुरता नाही. घरच्या मंडळींना अधूनमधून बाहेर जेवायला न्यायचे, त्यांच्यासोबत समारंभांना जायचे, त्यासाठी गाडीभाडे भरायचे, हे सारे शिष्टाचारात मोडत होते. मग त्यांनी स्वतंत्र खोल्या घेतल्या. त्याही अशा ठिकाणी, की कामाच्या जागी अर्ध्या तासात पायी पोहोचता यावे. त्यानंतर दोनाऐवजी एकच खोली ठेवली, एक स्टोव्ह विकत घेतला आणि सकाळची न्याहारी घरी शिजवायला सुरुवात केली. जेवणाखाण्याचा खर्च दिवसाला एक शिलिंग तीन पेन्सपर्यंत खाली आला.

या अनुभवातून त्यांनी पुढे दक्षिण आफ्रिकेत असताना, १८९३-९४ च्या सुमारास, लंडनला जाणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांसाठी एक मार्गदर्शिका लिहायला घेतली. ती त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाही. आज ती त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात वाचायला मिळते. इंग्लंडमधील राहणीच्या खर्चावर तिच्यात स्वतंत्र प्रकरण आहे. आश्रमजीवनाचे तत्त्वज्ञान मांडणारा लेखक तिथे अजून दिसत नाही. दिसतो तो काटकसरी वडीलबंधू. तरीही त्या साधेपणाचा उगम परक्या शहरातल्या भाड्याच्या खोलीत झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

गांधीजींनी घरोब्याची किंमत पैशांत मोजली. काही निवाऱ्यांची किंमत पैशांत मोजताच येत नाही. १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. तिथे त्यांना आसरा मिळाला, शिक्षणाची सोय झाली. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला. हिंदुस्थानातील बिशपांनी त्याला हरकत घेतली आणि भगिनींनाही ते रुचेना. रमाबाईंनी या काळात लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत. ज्यांच्या छताखाली आपण राहिलो त्यांचे ऋण मान्य करूनही आपली सदसद्विवेकबुद्धी त्यांच्या स्वाधीन करायची नाही, असा तो झगडा आहे. त्या पत्रांकडे धर्मचर्चा म्हणून पाहिले जाते, आणि ती धर्मचर्चा आहेच. पण ती आश्रिताने आश्रयदात्याला दिलेली उत्तरेही आहेत. विनामूल्य निवाऱ्यात आज्ञाधारकपणा गृहीत धरलेला असतो, हे त्यांतून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

परक्यांच्या छताखाली असे ताण येत असतील, तर आपल्या माणसांनी आपल्यासाठीच घर उभारावे, हा विचार स्वाभाविक होता. श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १ जुलै १९०५ रोजी लंडनच्या हायगेट भागात, ६५ क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू येथे, ‘इंडिया हाउस’ सुरू केले. सुमारे पंचवीस विद्यार्थ्यांची राहण्याची सोय असलेले हे वसतिगृह. १९०६ साली सावरकर तिथे राहायला आले. पुढची तीन वर्षे त्या घरात काय घडले, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. आम्हांस लक्ष वेधायचे आहे ते त्याच्या वसतिगृहपणाकडे. तिथे घरमालकिणीची मर्जी सांभाळायची नव्हती, आपले अन्न होते, आपल्या भाषा होत्या. पण अट इथेही होती. श्यामजींची शिष्यवृत्ती घेणाऱ्याने पुढे इंग्रज सरकारची चाकरी करायची नाही, असे बंधन होते. आणि जिथे एका विचाराची माणसे एका छपराखाली येतात तिथे पाळतही येते. गुप्त पोलिसांचा खबऱ्या रहिवासी म्हणूनच त्या घरात शिरला होता. १९०९ साली मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायलीचा वध केला आणि इंडिया हाउस बंद पडले. पुढच्याच वर्षी सरकारच्या पुढाकाराने २१ क्रॉमवेल रोड येथे हिंदी विद्यार्थ्यांसाठी माहिती-केंद्र व निवासाची सोय झाली. सोय चांगली होती. पण आपल्यावर नजर ठेवण्यासाठीच ती केली आहे, असा संशय अनेक विद्यार्थ्यांच्या मनातून गेला नाही.

आता डॉ. आंबेडकरांकडे वळू. १९२०च्या दशकाच्या आरंभी ते लंडनमध्ये १० किंग हेन्रीज रोड येथील एका बोर्डिंग-हाउसात राहत होते. धनंजय कीर यांनी चरित्रात त्या दिवसांचे वर्णन केले आहे : कमालीची कंजूष घरमालकीण, सकाळी पाव, माशाचा तुकडा आणि जॅम, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, आणि रात्री भूक अनावर झाली की मुंबईकडच्या एका परिचिताने दिलेले पापड भाजून कपभर दुधाबरोबर खाणे. ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध लिहिणारा विद्यार्थी स्वतः पेनीपेनीचा हिशेब करत होता.

पण हे हाल दारिद्र्याचे होते. खोली थंड होती, जेवण अपुरे होते. दार मात्र उघडले होते. याच्या काही वर्षे आधी, १९१७ साली, अमेरिका-इंग्लंडमधील शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी वसतिगृहात पारशी नाव लावून ते राहिले. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन मित्रांकडे त्यांनी शब्द टाकला. दोघांनीही आपापल्या परीने टाळले. हा प्रसंग त्यांनी ज्या आत्मकथनपर टिपणात लिहिला, त्याचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. परवान्याची वाट पाहणे हे परदेशाच्या प्रवासाचे शब्द. ते त्यांनी स्वदेशातल्या अनुभवाला दिले. धर्मशाळा, जातवार वसतिगृहे, ज्ञातीच्या वाड्या यांविषयी आपल्याकडे कौतुकाने बोलले जाते, आणि त्यांनी असंख्य गरीब प्रवाशांना आधार दिला हे खरेच आहे. पण ‘आपल्या माणसांसाठी’ बांधलेल्या घराच्या दारावर ‘तू कोण?’ हा प्रश्न कोरलेलाच असतो.

हाच प्रश्न इंग्रजांच्या दारावरही होता, आणि त्याची एक कायदेशीर बाजू आहे. इंग्रजी रूढ कायद्याप्रमाणे प्रवासी-खाणावळीच्या म्हणजे ‘इन’च्या मालकाला, जागा शिल्लक असेल आणि येणारा पैसे देण्यास तयार असेल, तर सबळ कारणाशिवाय प्रवाशाला परत पाठवता येत नाही. १९४३ साली वेस्ट इंडीजचा विख्यात क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन लॉर्ड्सवरील सामन्यासाठी लंडनला आला. लंडनच्या इंपीरियल हॉटेलात त्याने आधीच खोल्या राखून ठेवल्या होत्या. तरी वर्णामुळे त्याला सहकुटुंब बाहेर पडण्यास सांगण्यात आले. तो न्यायालयात गेला आणि १९४४ साली जिंकला. भरपाई मिळाली पाच गिनी. पण तत्त्व सिद्ध झाले.

मात्र हे कर्तव्य हॉटेलवाल्याचे होते. बोर्डिंग-हाउस चालवणाऱ्या बाईवर ते नव्हते; कोणाला ठेवावे, कोणाला नाही, हा तिचा खाजगी प्रश्न. १९६५ साली ब्रिटनने वंशभेदविरोधी पहिला कायदा केला, त्यात हॉटेले आली, खाजगी बोर्डिंग-हाउसे आली नाहीत. १९६८च्या कायद्याने घरांचा प्रश्न हाती घेतला, तरी मालक स्वतः राहत असलेली लहान घरे वगळलीच. याचा अर्थ सरळ आहे. महागड्या हॉटेलात उतरणाऱ्याला कायद्याचे संरक्षण होते; ज्याला स्वस्त खोलीच परवडत होती त्याला ते नव्हते. त्याला पैसे मोजण्याआधी पसंत पडावे लागत होते.

हे जुने झाले असे म्हणावे, तर तसे नाही. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात एअरबीएनबीच्या यजमानांकडे काल्पनिक पाहुण्यांच्या नावाने विचारणा करण्यात आली होती. कृष्णवर्णीय वाटणारे नाव असले, की होकार मिळण्याची शक्यता सुमारे सोळा टक्क्यांनी घटत होती. २०१८ साली त्या कंपनीने पाहुण्याचे छायाचित्र नोंदणी पक्की झाल्यानंतरच यजमानाला दिसेल, अशी व्यवस्था केली. घरमालकिणीचे दार मोबाइलच्या पडद्यावर आले. प्रश्न मात्र तोच राहिला.

किंग हेन्रीज रोडवरील ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने तीस लाखांहून अधिक पौंड मोजून विकत घेतले आणि आज तिथे स्मारक आहे. लंडनला जाणारे मराठी पर्यटक तिथे आवर्जून जातात, जावेच. बडोद्याच्या त्या वसतिगृहाची आठवण मात्र आपल्याला घराबाहेर जाऊन काढावी लागत नाही. परगावाहून आमच्या शहरात शिकायला आलेले विद्यार्थी खोली शोधून परत येतात, तेव्हा भाडे किती हे सांगण्याआधी आडनाव विचारले का, हे सांगतात. परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याला स्वस्त खोलीचा पत्ता देताना आम्ही यापुढे एवढेच जोडणार आहोत : तिथे तुला काय विचारले गेले, तेही लिहून ठेव.