सान फर्मिन उत्सव आणि परदेशी प्रवासी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

उत्तर स्पेनमधील पाम्प्लोना येथे ६ ते १४ जुलै या काळात सान फर्मिन उत्सव साजरा होतो. मूळचा हा उत्सव ऑक्टोबरातील. अनुकूल हवामानासाठी तो १५९१ मध्ये जुलैत आणला गेला. झुंजीचे बैल रस्त्यांतून रिंगणापर्यंत हाकत नेणे ही प्रारंभी व्यावहारिक गरज होती. त्यांच्यापुढे धावण्याची प्रथा त्यातूनच रुजली. अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या ‘द सन ऑल्सो रायझेस’ (१९२६) या कादंबरीमुळे उत्सवाची ख्याती जगभर पसरली. पुढे परदेशी प्रवासी प्रेक्षक न राहता स्वतः धावू लागले. पडल्यास बैल निघून जाईपर्यंत उठू नये, हा अनुभवी धावकांचा संकेत आहे. १९९५ मध्ये पडून उठू पाहणारा एक अमेरिकी तरुण शिंगाच्या आघाताने मृत्युमुखी पडला. तात्पर्य, परंपरेतील सहभाग प्रवासाने साधतो. तिच्यामागील अनुभवसिद्ध ज्ञान मात्र सहवासानेच लाभते.